धोंडा दिसतोय का गं?

मी एकदा म्हशीला धोंडा समजले. लांबून समजले, पावसात समजले, घाईत समजले, सगळं खरं. पण जिचं अर्धं बालपण म्हशीच्या शेपटीचे फटके खाण्यात गेलं, त्या शेतकऱ्याच्या पोरीनं म्हशीला धोंडा समजावं, याला काही माफी नाही. परवा नातीला एवढंच सांगितलं तर ती गादीवर लोळून हसली. मला आजी होऊन फार वर्षं झालेली नाहीत. आमच्याकडं लग्नं लवकर, त्यामुळं आजीपणही लवकर येतं. पण हसवायची कला मी लगेच शिकले. तिला म्हैस सांगितली आणि तिथंच थांबले. पुढचं सांगितलं असतं तर तिचं हसणं गेलं असतं, म्हणून ते इथं लिहिते.

आमचं गाव भोगावतीच्या या अंगाला आणि एसटीचा थांबा त्या अंगाला. उन्हाळ्यात, हिवाळ्यात बंधाऱ्यावरून चालत जायचं, दहा मिनिटांची वाट. पाऊस लागला की बंधारा पाण्याखाली जायचा आणि दिवाळीच्या तोंडाला वर यायचा. तोवर पलीकडं जायचं असेल तर पुलाला वळसा घालून अर्धा दिवस घालवा, नाहीतर काईलीत बसा. काईल म्हणजे गुऱ्हाळावरची गूळ कढवायची लोखंडी कढई, सहा-सात माणसं मांडी घालून बसतील एवढी मोठी. पावसाळ्यात गुऱ्हाळं बंद, काईल रिकामी. मग तिला चुलवाणावरून उतरवायची, चार माणसांनी कड्यांना धरून नदीवर न्यायची आणि पाण्यात सोडायची. नावेला नाक असतं, पाठ असते. काईलीला यातलं काही नाही. एका बाजूनं वल्हं मारलं की ती जागच्या जागी गिरक्या घेते, नवा माणूस तर नदीच्या मध्यावर अर्धा तास फुगडी घालत बसतो. आणि तिच्या कडेला गेल्या हंगामाचा गूळ चिकटलेला असायचा, त्यामुळं आमच्याबरोबर शंभरएक मुंगळे फुकट प्रवास करायचे.

ही काईल चालवायची माझी आत्ती. हौसाआत्ती, माझ्या वडलांची मोठी बहीण. नवरा गेल्यावर ती भावाच्या घरी परत आली ती कायमची. परत आलेल्या बाईला घरात जेवण मिळतं, जागा मिळते. पण तिचा शब्द कुणी विचारत नाही. आत्तीचा शब्द मात्र विचारला जायचा, तो या काईलीमुळं. पावसाळ्याचे चार महिने गावातल्या बायका वैरणीला, दवाखान्याला, माहेराला जायच्या त्या आत्तीच्या हुकमानं. "आज न्हाय" म्हणाली की सरपंचाची बायकोसुद्धा डबा घेऊन मुकाट्यानं घरी परतायची. आमची आई, जी एरवी आत्तीला दोन वेळा चहा द्यायलाही कुरकुरायची, ती पावसाळ्यात आपणहून विचारायची, "वन्सं, भाकरी गरम करू का?"

आत्तीचे नियम मला अजून पाठ आहेत. बसायच्या आधी लुगड्याचा काष्टा मारायचा, म्हणजे पडलंच तर पाय मोकळे. जड माणसं समोरासमोर, दुधाची किटली मधोमध, उभं कुणी राहायचं नाही, पलीकडं जावई उभा असला तरी. वल्हवणाऱ्यानं पुढं गुडघ्यावर बसायचं आणि पाणी एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून आपल्याकडं ओढायचं. कड्यांना रिकामे कॅन तोंड घट्ट लावून बांधलेले, आत एक कासरा आणि पाणी उपसायला डालड्याचा डबा. आणि जिथं उतरायचं त्याच्या समोरून कधीच निघायचं नाही. पाणंदीनं बरंच वर चालत जायचं, कारण नदी तुम्हाला खाली ओढणारच. किती ओढते ते बघायला आत्ती उसाचा वाळका पाला पाण्यात टाकायची आणि मला विचारायची, "कुठवर गेला गं?"

सगळ्यात मोठा नियम धोंड्याचा. पलीकडच्या काठाला पाण्यालगत एक काळा धोंडा होता, बैठ्या बैलाएवढा. त्याच्या बरोबर मागं, टेकाडावर, महादेवाच्या देवळाचा कळस. जाताना धोंडा आणि कळस एकाखाली एक दिसले पाहिजेत. कळस धोंड्याच्या खालच्या अंगाला सरकला की समजायचं, आपण खाली वाहतोय, हात जोरात मारायचे. आणि धोंडा बुडाला असेल तर काईल पाण्यात घालायचीच नाही. काठावर पालथी घालायची आणि घरी जाऊन शेंगा भाजायच्या. नातीच्या आईच्या मोबाईलवर आता एक निळा ठिपका तिला कोल्हापुरातल्या गल्लीगल्लीतून नेतो. आमचा ठिपका धोंडा होता, आणि तो सांगायचं काम माझ्याकडं होतं.

कारण काईलीत बसलं की आत्ती मला विचारत राहायची. "धोंडा दिसतोय का गं?" "दिसतोय." "कळस कुठं हाय?" "वरच." "आता?" "जरा खालल्या अंगाला गेला." मग तिचे हात जोर धरायचे. दोन पावसाळे हे असं चाललं होतं. मला वाटायचं, आत्ती मला शिकवतेय. शाळेत पाढे म्हणून घेतात तशी परीक्षा घेतेय. मी मनातल्या मनात तिची नक्कल करायची आणि मैत्रिणींना करून दाखवायची. डोळे बारीक करायचे, मान तिरकी करायची आणि म्हणायचं, "कळस कुठं हाय गं, सुने?" सुनी म्हणजे मीच. मैत्रिणी हसून हसून पडायच्या. काय हुशार पोरगी होते मी.

घरातही अशाच खुणा पसरल्या होत्या, पण त्या वाचायला अक्कल लागते. आत्ती तांदूळ निवडायला मला द्यायची आणि म्हणायची, "तुज्या सासरी खडं खातील न्हायतर." उंबऱ्यालगतच्या तांब्याला तिचा पाय लागायचा, पाणी सांडायचं, आई कपाळाला आठ्या घालायची. पावसाळ्यात आमच्याकडं खेकड्यांचा रस्सा व्हायचा. दादा (म्हणजे माझे वडील) पोतंभर खेकडे आणायचे, ते परातीत खडखड करायचे, पाट्यावर खोबरं आणि लसूण वाटला जायचा, आणि आत्ती जेवताना नांगी हातानं चाचपून, बोटांनी फोडून खायची. मला वाटायचं, किती चवीनं खाते ही. केबल नुकतीच आली होती, शेजारच्या घरी सगळ्या बायका रात्रीची मालिका बघायला जमायच्या. आत्ती भिंतीला टेकून नुसती ऐकायची. "थोबाडं काय बघायची त्यांची," म्हणायची, "रडत्यात ते ऐकू येतंय की."

त्या वर्षी मी बारावी झाले आणि मला टायपिंगचा क्लास लावायचा होता. कोल्हापुरात, राजारामपुरीत. गावातल्या दोन पोरी जायच्या. त्यांच्या पर्सा होत्या, छत्र्या घडीच्या होत्या आणि त्या "टेन्थ लेन", "इलेव्हन्थ लेन" असं बोलायच्या. मला टायपिंगपेक्षा ती लेन हवी होती. नाव घालायचा शेवटचा दिवस होता आणि आदल्या रात्रभर वर, नदी येते त्या राधानगरीच्या बाजूला आभाळ फुटल्यासारखा आवाज येत होता. सकाळी आई म्हणाली, "काय मरायचं असलं तर क्लास कशाला लावतीस?" मी जेवले नाही. उपाशी राहणं हे माझं त्या काळातलं मुख्य हत्यार होतं. चोरून दोन केळी खाल्ली होती, ती वेगळी. शेवटी आत्ती उठली. "चल. धोंडा दिसला तर सोडतो तुला. न्हाय दिसला तर परत."

आम्ही दोघीच नदीवर आलो. मी नवा पंजाबी ड्रेस घातला होता, चपला पिशवीत. पाऊस बारीक, पण पलीकडचं सगळं राखेसारखं दिसत होतं. आत्तीनं पाण्यात पाय घातला आणि तशीच उभी राहिली.

"पानी गार हाय गं. वरचं नवं पानी हाय हे. वाढलंय का?"

"न्हाय. कालच्याएवढंच हाय."

मी काल नदीवर आलेच नव्हते.

"धोंडा दिसतोय का गं?"

पलीकडं थांब्यावर एसटी येऊन उभी राहिली होती. लाल रंग तेवढा दिसत होता. माझे डोळे तिच्यावर. तिच्यावरून ते जरा खाली आणले, पाण्यालगत काळं, गोलसर काहीतरी होतं, वर अंधूक कळस होता. झालं.

"दिसतोय की, ढळढळीत!"

"नीट बघ."

"आत्ती, दिसतोय म्हटलं न्हवं! एस्टी जाईल की!"

तिनं पाला टाकला नाही. मीच घाई केली, पाला शोधायलाही थांबू दिलं नाही. काईल सुटली. आत्ती पुढं गुडघ्यावर, मी मागं पिशवी पोटाशी धरून. तिचे हात मला अजून दिसतात, हिरव्या गोंदणाचे, डावीकडं एक, उजवीकडं एक, न थकता. "कळस?" "वरच." "आता?" "वरच हाय." "जरासुदीक हलला न्हाय?" "न्हाय म्हटलं की." कळस पावसात कधीच पुसला होता, पण धोंडा समोर आहे म्हणजे तोही वरच असणार, असं मी धरून चालले होते. मला वाटलं, आज काय झकास चाललीय काईल, रेघेवर चालल्यासारखी. आत्ती मात्र एकदा थांबली. "मग बंधाऱ्याचा आवाज का वाढलाय गं?" मी म्हटलं, पावसाचा असेल.

आणि मग धोंड्यानं कान हलवला.

मी बघतच राहिले. धोंड्यानं मान वर काढली, फुरफुर केलं, आणि शिंगं दिसली. कुणाची तरी म्हैस होती, पाठ तेवढी पाण्यावर ठेवून, प्रवाहाबरोबर सावकाश खाली सरकत मजेत डुंबत होती, आणि मी तिच्याबरोबर आमची काईल खाली खाली आणली होती. वरच्या अंगाला बघितलं तर देवळाचं टेकाड कुठल्या कुठं गेलेलं. समोर उजवीकडं पाण्याला एक लांबलचक घडी पडलेली दिसत होती, आणि तिच्या पलीकडं पांढरा फेस. तो बंधारा. वरून पाणी गुळगुळीत दिसतं तिथं. खाली गेलेलं माणूस दोन दिवसांनी वर येतं, असं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं.

"कळस कुठं हाय?" आत्ती म्हणाली. "सुने, कळस?"

"आत्ती, त्यो धोंडा न्हवता. म्हस हाय."

"आन् धोंडा?"

"न्हाय दिसत. बुडालाय वाटतं."

तिनं वल्हं वर घेतलं. काईल लगेच गिरकी घ्यायला लागली, काठ, ऊस, फेस, काठ, ऊस, फेस. मला वाटलं आता शिव्या देईल. तिनं मान माझ्याकडं वळवली, पण डोळे माझ्या खांद्याच्या बाजूला कुठं तरी बघत होते.

"मला दिसत न्हाय, सुने," ती म्हणाली. "दोन वरीस झाली. तू सांगतीस तसं मी मारतो. आता थापा मारू नगंस. काय दिसतंय त्ये सांग."

आयुष्यात मी पुष्कळदा घाबरले. बाळंतपणात घाबरले, नवऱ्याच्या ऑपरेशनला घाबरले. पण त्या कढईत, गोल फिरताना, समोरच्या ज्या पाठीमागं मी आजवर निर्धास्त बसत आले त्या पाठीला पुढचं काहीच दिसत नाही हे कळलं, तेव्हा घाबरले तशी पुन्हा कधी घाबरले नाही. मी रडायला लागले. आत्तीनं वल्ह्याचा दांडा काईलीवर आपटला, घंटेसारखा आवाज आला.

"रड मागनं. उजव्या अंगाला काय हाय?"

"ऊस."

"उभा का आडवा?"

"उभा. शेंडं वर हायती. त्याच्या अलीकडं एक बाभूळ."

"बाभळीला हात घालायचा न्हाय. झाड काईल पालथी घालतंय. उसात शिरायचं. ऊस समोर आला की 'आला' म्हण, गेला की 'गेला' म्हण."

"आला! गेला. आला! गेला..." मी ओरडत राहिले आणि 'आला' म्हटलं की ती दोन हात मारायची, 'गेला' म्हटलं की थांबायची. काईल फिरत होती तशीच फिरत राहिली, पण दर गिरकीला वीतभर काठाकडं सरकत होती. बाभूळ जवळ आली तेव्हा मी शहाणीनं हात घातलाच. फांदी इतकी हाताशी होती! काईल एका अंगाला कलली, पाणी आत आलं, आणि आत्तीनं नुसत्या अंदाजानं असा काही दांडा मारला की माझी करंगळी आजही वाकडी आहे. हात सुटला. पुढच्या गिरकीला उसाचे शेंडे चराचरा काईलीवर घासले, पाणी एकदम संथ झालं. "पाच-सहा शेंडं एकदम धर. एकटा ऊस मोडतोय. कासरा बांध," ती म्हणाली. मी बांधला. तळहात पाल्यानं चिरले होते, ड्रेसची वाट लागली होती, आणि एसटी निघून गेली होती.

तिथं आम्ही दिवस मावळेपर्यंत बसलो. पलीकडच्या आमच्या काठावर माणसं जमलेली दिसत होती, मुंगीएवढी; त्यातले एक दादा असणार. ते हात हलवायचे, मी हात हलवायची. त्यांच्याकडं काईल नव्हती. होती ती आमच्या बुडाखाली. मधे नदी. ते तिथून काही करू शकत नव्हते, मी इथून काही करू शकत नव्हते. डालड्याच्या डब्यानं पाणी उपसत होते एवढंच. आजूबाजूच्या शेंड्यांवर किडे, सरडे, एक धामणही चढून बसली होती. ती आमच्याकडं बघायची, आम्ही तिच्याकडं. म्हणजे मी. आत्ती कुणाकडंच बघत नव्हती. बऱ्याच वेळानं ती हळूच म्हणाली, "घरात सांगू नगंस. मला कोपऱ्यात बसीवतील गं." मी म्हटलं, "न्हाय सांगणार. आईची शप्पथ."

पलीकडच्या गावच्या माणसांनी ट्रकची ट्यूब आणि दोर घेऊन उसातनं छातीभर पाण्यात येऊन आम्हाला काढलं. तोवर दादा पुलाला वळसा घालून कुणाच्या तरी ट्रॅक्टरवरून पोचले होते. चिखलात उभे, ओठ पांढरे. आधी त्यांनी आत्तीला विचारलं, "आक्का, धोंडा बुडालेला, तरी काईल घातलीस?" ती म्हणाली, "चुकलं माजं." बास. एवढंच. माझं नाव नाही, म्हशीचं नाव नाही. मी गप्प राहिले असते तर ते तिथंच मिटलं असतं. पण दादा माझ्याकडं वळले. दिवसभराचा घोर त्यांनी माझ्यावर काढला, सगळ्या माणसांदेखत.

"आन् तू गं? तुजं डोळं फुटलं हुतं?"

आणि मी म्हणाले, "माजं न्हाय, आत्तीचं."

सतरा-अठरा वर्षांच्या पोरीला इतकं चटकन उत्तर कसं सुचलं, याचं मला अजून नवल वाटतं. पाढे कधी इतके चटकन आले नाहीत. शपथ घेऊन दोन तास झाले नव्हते. ट्यूब धरलेला माणूस आत्तीच्या तोंडासमोर हात हलवून बघायला लागला. आत्ती मान खाली घालून लुगड्याचं पाणी पिळत होती, पिळून झालं तरी पिळत होती.

राजारामपुरीत मी गेले, पण क्लासला नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडं, दादा आणि मी, मधे आत्ती. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं बराच वेळ उजेड पाडून बघितलं आणि म्हणाला, मोतीबिंदू असता तर काढला असता, हा काचबिंदू आहे, डोळ्यामागची शीर वाळून गेलीय. दोन वर्षं आधी आणलं असतं तर उरलेली नजर टिकवता आली असती. दादा म्हणाले, "दोन वर्सं कुणाला ठावंच न्हाय की ओ." काईल पाणी ओसरल्यावर गुऱ्हाळावर परत गेली, चुलवाणावर चढली, आणि पुढच्या पावसाळ्यात ती दुसऱ्याच कुणी नदीवर नेली. आमच्या घरी भाकरी गरम करू का असं विचारणं बंद झालं. आत्तीची जागा सोप्यातल्या खांबाजवळ ठरली. मी तिला पाणी नेऊन द्यायची, हाताला धरून परसात न्यायची, ती यायची; पण माझ्याशी एक शब्द बोलायची नाही. श्रावण गेला, गणपती आले आणि गेले.

भुईमूग निघाला तेव्हा एका दुपारी ती खांबाला टेकून शेंगा फोडत बसली होती. घरात कुणी नव्हतं. मी समोर जाऊन बसले आणि बांध फुटावा तशी रडायला लागले. माझंच चुकलं, मी नीट बघितलं नाही, शप्पथ मोडली, दादांना सांगायला नको होतं, सगळं एका दमात. तिनं हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले, टरफलं बाजूला केली, आणि म्हणाली,

"सांगितलंस त्याचं काय न्हाय गं. दोन पावसाळं मी तुला रोज इचारत हुतो, धोंडा दिसतोय का, कळस कुठं हाय. तू एकदा तरी मला इचारायचंस की, आत्ती, तुला दिसत न्हाय व्हय गं?"